हौदातला गप्पी

बीड जिल्ह्यातल्या घरांत मासा पाळला गेला तो पाण्याच्या टंचाईपायी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून ते हौदात, रांजणात, टिपाडात साठवायचे, साठवलेल्या पाण्यावर डास अंडी घालणार आणि त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या खायला हौदात गप्पी मासे सोडायचे, असा हा क्रम आहे. काचेच्या पेटीतले शोभेचे मासे शहरांतल्या हौसेचा भाग असतात. हौदातला गप्पी आरोग्य खात्याच्या कामाचा भाग आहे आणि त्याचा इतिहास या जिल्ह्याच्या पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

जिल्हा पर्जन्यछायेत येतो. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते; बालाघाटाच्या डोंगररांगांतून बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा अशा नद्या निघतात किंवा त्यांच्या कुशीने जातात. तरीही नदीचे पाणी बारमाही हाताशी असणे हे थोड्याच गावांच्या वाट्याला आले. म्हणून पाणी जमिनीखाली शोधायचे आणि बांधून ठेवायचे, ही इथली जुनी रीत. वाड्यातला आड, गावाची बारव आणि बीड शहराजवळची खजाना बावडी ही तिची उदाहरणे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ही बावडी भूमिगत नळांनी आसपासच्या शेतांना पाणी देत आली. पुढे नळयोजना झाल्या, पण चार-आठ दिवसांच्या फरकाने सुटणारे पाणी आणि उन्हाळ्यातला टँकर यांमुळे साठवण थांबली नाही. ती फक्त आडातून घरातल्या भांड्यांत आली.

बारवेच्या पाण्याने जिल्ह्याला आणि शेजारच्या मुलखाला नारू हा जंताचा रोगही दिला. पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालत, नारूच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलचर त्या गिळी आणि तेच पाणी प्यायले की वर्षभराने नवा नारू बाहेर येई. मासा आरोग्याच्या कामी लावण्याचा एक आरंभीचा प्रयोग याच रोगासाठी दख्खनमध्ये झाला. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती आणि स्वीट या संशोधकांनी सायक्लॉप्स खाणारे मासे पायऱ्यांच्या विहिरींत सोडून पाहिले. नारूचा शेवटचा भारतीय रुग्ण १९९६ मध्ये नोंदवला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. त्यात मोठा वाटा हातपंपांचा, गाळून प्यायच्या पाण्याचा आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्याचा होता.

हिवतापाची गोष्ट याहून लांबची. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि हिवताप डासातून पसरतो याचा उलगडाही त्याच संस्थानात झाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची अवस्था दिसली. रोगाचे मूळ डासात आहे हे कळल्यावर साचलेल्या पाण्यातली अळी हे लक्ष्य ठरले आणि अळी खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि त्रिनिदाद बेटावर आढळणारा गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. त्रिनिदादमधून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांच्या आडनावावरून १८६६ मध्ये अल्बर्ट ग्युंथर यांनी त्याला नाव दिले. विल्हेल्म पीटर्स यांनी त्या माशाचे वर्णन त्याआधीच, १८५९ मध्ये केले होते. ग्युंथर यांचे शास्त्रीय नाव मागे पडले आणि गप्पी हे टिकले. मराठी कानाला तर ते इथल्याच गप्पांमधून आल्यासारखे वाटते. अळ्या खाण्यातला त्याचा जोडीदार मासा गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आला.

स्वातंत्र्यानंतर मासे काही काळ मागे पडले, कारण डीडीटी हे कीटकनाशक आले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. फवारणी करणारे कर्मचारी घराच्या भिंतीवर तारीख लिहून जात. कार्यक्रमाआधी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. १९६५ मध्ये ते लाखभरावर आले. मग डास औषधाला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. १९७७ मध्ये सुधारित योजना आखली गेली. औषधावर सारी भिस्त ठेवता येत नाही हे कळल्यावर मासा पुन्हा आठवला.

याच दशकात आणखी एक इशारा मिळाला होता. १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९७३ मध्ये, मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली. तिचा डास एडिस. तो दिवसा चावतो आणि शेतातल्या डबक्यापेक्षा घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यावर अंडी घालतो. चिकुनगुनिया त्यानंतर तीन दशके जवळजवळ दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेशात मोठ्या प्रमाणावर परतला. डेंग्यूही त्याच डासाचा. रोगाची जागा गावाबाहेरून मोरीजवळच्या टिपाडापर्यंत आली, तशी आरोग्य सेवकांची पाहणीही घरातली भांडी मोजू लागली. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही भिंतीवरची घोषणा आता डेंग्यूलाही लागू आहे.

गप्पी ओळखायला सोपा आहे. नर जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, शेपटीवर नारिंगी, काळे, निळसर ठिपके असलेला. मादी मोठी, सहा सेंटिमीटरपर्यंत, राखाडी आणि फुगीर पोटाची. गॅम्बुसियाचा नर रंगीत नसतो. हे दोन्ही मासे अंडी घालत नाहीत, थेट पिले देतात. अळ्या खाणारा देशी अप्लोकायलस डोक्यावरच्या चकचकीत ठिपक्यावरून वेगळा कळतो. केरळातला इवलासा फुगा मासा, १९४१ मध्ये होरा आणि नायर यांनी वर्णिलेला, हल्ली शौकिनांच्या पेट्यांत दिसतो. तो इतर माशांचे पर कुरतडतो. हौदाच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. पिले तीनेक महिन्यांत वयात येतात आणि पाणी थोडे गढूळ असले तरी तो तग धरतो. हौदात सोडायचा तर सकाळी किंवा संध्याकाळी, आणलेल्या पिशवीतले आणि हौदातले पाणी हळूहळू मिसळून. ताजे, क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एकदम भरले की मासे मरतात. हौदाचा काही भाग जुन्या पाण्याचा ठेवावा लागतो. अळीनाशक औषध टाकायचे की मासे सोडायचे, हे त्या त्या भांड्यासाठी आधी ठरवावे. आईबाप स्वतःची पिले खातात, म्हणून पैदाशीच्या टाकीत पाणवनस्पती हव्यात. हौदात मात्र त्या वाढू द्यायच्या नाहीत, नाहीतर अळ्यांना आडोसा मिळतो.

इथे बीडच्या पाण्याची अडचण पुढे येते. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासण्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी अवस्थाही महिनोन्महिने सोसतात, म्हणून नुसते ओतणे पुरत नाही, घासावेच लागते. पण ज्या घरी टँकरचे पाणी मोजून येते, तिथे हौद ओतून देणे परवडणारे नाही. रांजण, घागर, टिपाड यांना कोरडा दिवस आणि मोठ्या हौदाला गप्पी, ही वाटणी इथे सर्वांत शहाणी ठरते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घरे दिवाळीनंतर महिनोन्महिने बंद असतात. अशा घरातला हौद जाण्यापूर्वी घासून कोरडा ठेवणे आणि मासे शेजारच्या हौदात देणे सोयीचे.

मासे वाढून जास्त झाले तर ते नदीत, तळ्यात, धरणात सोडू नयेत. गप्पी आणि गॅम्बुसिया हे दोन्ही राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या उपद्रवी परदेशी प्रजातींत गणले जातात. गॅम्बुसिया तर देशी माशांची अंडी आणि पिले फस्त करतो. सिंदफणेला किंवा गोदावरीला मिळणाऱ्या ओढ्यात उरलेले मासे ओतण्यापेक्षा ते शेजाऱ्याच्या बंदिस्त हौदात किंवा आरोग्य केंद्राच्या पैदास टाकीत परत द्यावेत.