फिट थांबल्या, पण मूल आनंदात आहे का? हे असं मोजतात

अपस्मार म्हणजे फिट किंवा आकडी येणाऱ्या मुलाचं जगणं कसं चाललंय, हे फक्त फिट मोजून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर आणि संशोधक 'क्यूओएलसीई-५५' ही प्रश्नावली वापरतात. ती पालक भरतात. लक्ष-स्मरणशक्ती, भावना, मित्रमंडळी आणि शारीरिक हालचाल अशा ४ बाजूंवर ५५ प्रश्न असतात. गुण ० ते १००. जास्त गुण म्हणजे जगणं अधिक चांगलं.

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. एवढं लांब जाऊन बोलणं फक्त गोळ्यांवरच थांबू देऊ नका. मूल शाळेत रमतं का, मित्र खेळायला घेतात का, गोळीने झोप किंवा चिडचिड वाढली का, हेही डॉक्टरांना सांगा. त्यावरून उपचार बदलता येतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.