मोहाची दारू : रीत, कृती आणि कायदा

'पहिल्या धारेचा' हा शब्दप्रयोग आपण अस्सल, कडक या अर्थाने सहज वापरतो. तो आला दारूच्या भट्टीवरून. भट्टी लागली की नळीतून प्रथम पडते ती पहिली धार, सर्वांत तीव्र. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात ही धार पिढ्यान्‌पिढ्या मोहाच्या फुलांपासून काढली जाते. मोह म्हणजे हिंदीतला महुआ आणि आपल्याकडच्या कानडीतला हिप्पे.

फूल

मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. पांढरट, रसाळ फुले पहाटे आपोआप गळतात. बायका-मुले ती वेचून उन्हात वाळवतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांत ती घरोघरी साठवली जातात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. त्यामुळे टंचाईच्या दिवसांत ती भाजून, शिजवून खाल्लीही जात. बियांचे तेलही निघते. बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी पूर्व विदर्भातील एका शाखेत होतो. तेथे उन्हाळ्यात खात्यांत होणारा छोटा भरणा बहुतेक मोह विकून आलेला असे.

कृती

फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की आंबतात. मग ते भांडे चुलीवर चढवून तोंड लिंपतात आणि वाफ थंड करून नळीने दुसऱ्या भांड्यात उतरवतात.

हिमालयात, नेपाळ-सिक्कीमकडे, जांड आणि रक्शी अशीच घरी होते, पण धान्यापासून. तेथला 'कोदो' म्हणजे आपली नाचणी. धान्यातील पिष्टाची आधी साखर व्हावी लागते, म्हणून 'मर्चा' नावाचे विरजण घालतात. मोहात साखर तयारच असते. काळा गूळ आणि नवसागर वापरून गाळलेली हातभट्टी मात्र या परंपरेतली नव्हे.

रीत

गोंड, भिल्ल, वारली या समाजांत लग्नकार्यात, सणात आणि मर्तिकाच्या विधींत मोहाच्या दारूला मान असतो. पिण्यापूर्वी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने थोडी जमिनीवर सांडतात.

कायदा

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या दुकानातून दारू विकत घेणे भाग पडले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरही बंधने आली. जी वस्तू अंगणात फुकट होत होती, तिच्यासाठी आता उधारी होऊ लागली. १९२२ मध्ये 'देवी' चळवळ पालघर किनाऱ्याकडून नाशिकच्या डोंगरांत आणि दक्षिण गुजरातेत पसरली. तिच्यात असंख्य आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली.

१९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. लोकचळवळीमुळे गडचिरोलीत १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. आपल्या कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी बंद केली. शेजारच्या गोव्यात मात्र काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन आणि २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, बाळगणे व वाहतूक यांवरील निर्बंध उठवण्यात आले.

आज

फेणीप्रमाणे मोहाचीही सुबक बाटली दुकानात येणे अवघड नाही. पण त्यातला किती पैसा पहाटे फुले वेचणाऱ्या बाईच्या हाती पडेल, हा खरा हिशेब. दारूने घर मोडले तर तेही तिचेच मोडते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे. परवाना आणि बंदी यांचा निर्णय घेताना त्या सभेत बसलेल्या बायकांचे मत आधी विचारले जावे.