१९४२चा श्रावण, मनमाड जंक्शन

मुंबईची गाडी मनमाडला थांबते आणि तुम्ही फलाटावर उतरता. सोमवार, १० ऑगस्ट १९४२. पाऊस नुकताच उघडलाय. कोळशाची कणी ओल्या सदऱ्याला चिकटते. तिकडे अंकाई-टंकाईच्या माथ्यावर ढग बसलेत. हमाल तुमच्या वळकटीला हात घालतो, पण उचलत नाही.

"मुंबईहून आलात ना भाऊ? गांधीबाबाला खरंच धरलं का?"

धरलं. काल पहाटे. एवढं तुम्ही सांगता. पुढचं ओठावर येऊन थांबतं. नेहरू, पटेल, आझाद यांना नगरच्या किल्ल्यात ठेवलंय आणि सरकारने ते ठिकाण गुप्त राखलंय. समोरची दौंडकडे जाणारी लाईन नगरवरूनच जाते. हा माणूस रोज त्या गाडीत लोकांची ओझी चढवतो, आणि त्याला पत्ता नाही. सांगितलंत तर तो पहिलं हेच विचारील : तुम्हाला कुणी सांगितलं?

बुधवारी दिव्यांची अवस. रेल्वेच्या चाळीत एका उघड्या दारापाशी थांबा. आजींनी समई, निरांजनं, लामणदिवा चिंचेने घासून पाटावर मांडलेत. कणकेचे गोड दिवे वाफेवर आहेत. मार्चमध्ये रंगून जपान्यांनी घेतलं, तेव्हापासून ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद आणि घासलेटची ओढाताण. पाटाच्या मधोमध एक काळपट कंदील आहे. पोराच्या रात्रपाळीचा, यार्डातला. आजी त्याला सगळ्यांत आधी हळदकुंकू लावतात.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटतो, लेकराबाळांसाठी आयुष्य मागितलं जातं. शनिवारी, १५ तारखेला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई कैदेतच जातात. रविवारी नागपंचमी. दारोदारी नागोबाला लाह्या वाहिल्या जात असताना चांदा जिल्ह्यात चिमूर आणि वर्धा जिल्ह्यात आष्टी पेटतं. लोक गोळीबारात पडतात, पोलीसही मारले जातात. श्रावणाची गाणी आपण पुष्कळ जपली. त्या नागपंचमीची आठवण मात्र चिमूर-आष्टीबाहेर फार थोड्या घरांत निघते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

चाळीतलं प्रत्येक दार मात्र एकाच दिशेला बघत नाही. याच मनमाडला फेब्रुवारी १९३८मध्ये दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले होते. या जुलैपासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळतायत. एका खोलीची आशा तुरुंगाकडे लागलीय, शेजारच्या खोलीची दिल्लीकडे. दोन्ही आशा मी खऱ्या मानतो. त्यांतली एक वगळून हा महिना सांगणं म्हणजे अर्धी चाळ वगळणं.

२६ला नारळी पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू करतात, ४२.३४ मीटरवर. हमालाच्या प्रश्नाला आता हवेतून उत्तर येऊ शकतं. त्याच्याकडे रेडिओ नाही, म्हणून तो अजून मुंबईच्या गाडीची वाट बघतो.

३१ ऑगस्टच्या रात्री फलाटावर परत या आणि घड्याळाखाली उभे राहा. युद्धासाठी १ सप्टेंबरपासून देशाची वेळ एक तास पुढे केली गेली. ती पूर्ववत झाली १५ ऑक्टोबर १९४५ला.