कियांती : काळ्या कोंबड्याची वाइन आणि अकलूजचे सांजोवेझे

नवी दिल्ली : इटलीच्या टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधील टेकड्यांवर ‘कियांती क्लासिको’ ही लाल वाइन तयार होते. तिचा प्राण म्हणजे सांजोवेझे हे द्राक्षाचे वाण. दिल्ली परिसरातील ग्राहकाला हे वाण दोन वाटांनी भेटते : इटलीहून आलेल्या बाटलीत आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या बाटलीत. मात्र कियांती हे नाव टस्कनीतील ठरावीक प्रदेशापुरतेच राखीव असल्याने अकलूजच्या वाइनला ते लावता येत नाही.

सांजोवेझे उशिरा पिकते आणि पिकल्यावरही आपली आम्लता सोडत नाही. या वाइनचा रंग फार गडद नसतो. चवीला आंबट चेरी, वाळलेल्या वनस्पतींचा गंध आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा जाणवतो. गोडसर, गुळगुळीत वाइनची सवय असलेल्याला ती पहिल्या घोटात काहीशी रुक्ष वाटते. ती जेवणासोबत घेण्याची वाइन आहे. टोमॅटो आणि मांसातील स्निग्धता यांच्याशी तिचा आंबटपणा चांगला जुळतो.

या चवीचा इतिहास सरळ नाही. १७१६ मध्ये टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी फर्मान काढून कियांतीच्या सीमा आखल्या. पुढे इटलीचे पंतप्रधानपद भूषवलेले बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मधील एका पत्रात या वाइनचे सूत्र मांडले : गंध आणि जोम सांजोवेझेचा, मार्दव कनायोलो या दुसऱ्या लाल वाणाचे. मल्वाझिया हे पांढरे द्राक्ष त्यांनी लवकर प्यायच्या वाइनपुरतेच सुचवले होते. १९६७ च्या नियमांनी मात्र पांढरी द्राक्षे सक्तीचीच केली. वाइन पातळ झाली आणि वेताच्या आवरणातील गोल बाटली स्वस्त मालाची खूण बनली. याला कंटाळलेल्या काही उत्पादकांनी नियमांबाहेर जाऊन सांजोवेझेत कॅबर्ने सोव्हिन्यों मिसळले. ‘तिन्यानेल्लो’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. अखेर नियमच बदलले. आज कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागते आणि २००६ पासून तिच्यात पांढरी द्राक्षे वर्ज्य आहेत. बाटलीवरील काळा कोंबडा हे तेथील उत्पादक संघाचे १९२४ पासूनचे चिन्ह. ‘क्लासिको’ हा शब्द नसलेली साधी कियांती १९३२ मध्ये वाढवलेल्या विस्तृत प्रदेशातून येते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

अकलूजची कथा याच टस्कनीशी जोडलेली आहे. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्यांनी माळशिरस तालुक्यात या नावाने द्राक्षबागा उभ्या केल्या. टस्कनीचे वाइननिर्माते पिएरो मासी हे सातवे. म्हणून त्यांच्या प्रमुख वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तिच्यात सांजोवेझे आणि कॅबर्ने एकत्र येतात. तिची जातकुळी कियांतीपेक्षा तिन्यानेल्लोच्या जवळची म्हणावी लागेल.

ऊसपट्ट्यातील या तालुक्यात वेल मात्र वेगळे जगतो. टस्कनीत हिवाळ्यात तो झोपी जातो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात त्याला अशी झोप मिळत नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून काढणी, असा क्रम असतो. भरपूर उन्हामुळे साखर झटपट वाढते. आम्लता टिकवायची तर काढणीचा दिवस अचूक साधावा लागतो. सांजोवेझेसारख्या आंबटपणावर उभ्या असलेल्या वाणाची खरी परीक्षा येथेच होते.

राजधानीतील ग्राहकासाठी किमतीचा प्रश्नही आहे. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के मूलभूत सीमाशुल्क राहिले. शिवाय मद्य हा राज्यांचा विषय असल्याने दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथे एकाच बाटलीचा दर वेगळा असू शकतो.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. दिल्लीच्या मे महिन्यात तो पाळल्यास मद्यार्काचा भपकाराच तेवढा जाणवेल. १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान योग्य. त्यासाठी बाटली काही वेळ शीतकपाटात ठेवून मग उघडावी.