उकाय-उकाय

उकाय-उकाय ही फिलिपिन्समधील वापरलेल्या आयात कपड्यांची बाजारपेठ व त्या कपड्यांतून घडलेली दैनंदिन वेशभूषेची पद्धत आहे. असे कपडे विकणारे दुकान, तेथील माल आणि त्यातून खरेदी करण्याची कृती या सर्वांसाठी हाच शब्द वापरला जातो. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर १९६६ पासून कायद्याने बंदी आहे. तरीही देशातील बहुतेक शहरांत ही दुकाने उघडपणे चालतात. प्रारंभी गरिबीचे लक्षण मानला गेलेला हा पोशाख पुढे विद्यार्थी व नोकरदार वर्गात हौसेने वापरला जाऊ लागला.

== व्युत्पत्ती ==

बिसाया भाषांतील ‘उकाय’ या शब्दाचा अर्थ उकरणे किंवा उपसून शोधणे असा होतो. कपड्यांच्या ढिगात हात घालून हवा तो नग बाहेर काढण्याच्या कृतीवरून हे नाव पडले. उत्तर लुझोनमधील बागियो शहरात ‘वागवाग’ हा शब्द प्रचलित आहे; त्याचा अर्थ झटकणे असा आहे. कपडा विकत घेण्यापूर्वी तो झटकून पाहिला जातो, त्यावरून हा शब्द आला. काही भागांत या कपड्यांना ‘रिलीफ’ असेही म्हणतात. मदतकार्यासाठी परदेशांतून आलेल्या कपड्यांची स्मृती या नावात टिकून आहे.

== इतिहास ==

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांतून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९६६ साली ‘प्रजासत्ताक अधिनियम ४६५३’ संमत झाला. १९७० च्या दशकापासून फिलिपिनो कामगार मोठ्या संख्येने परदेशी जाऊ लागले. हाँगकाँगसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांनी घरी पाठवलेल्या खोक्यांतून वापरलेले कपडेही येत. १९८० व १९९० च्या दशकांत हा व्यापार विस्तारला. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया व हाँगकाँग येथील माल गासड्यांच्या रूपाने बाजारात येऊ लागला.

बागियो हे या व्यापाराचे प्रमुख केंद्र ठरले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील या शहरात हवा थंड असल्यामुळे स्वेटर, जाकिटे व कोट यांना कायम मागणी असते. सपाट प्रदेशातून येणारे पर्यटक आणि शहरातील विद्यापीठांचे विद्यार्थी हे येथील मोठे ग्राहक आहेत. हॅरिसन रोडवर भरणारा रात्रबाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. मनिला महानगरात कुबाओ व अनोनास या भागांत अशी अनेक दुकाने आहेत.

== खरेदीची पद्धत ==

व्यापारी गासडी न उघडता विकत घेतो. आतील मालाचा दर्जा त्याला उघडल्यावरच कळतो. उत्तम नग हँगरवर टांगून अधिक किमतीला विकले जातात व उरलेले ढिगात टाकले जातात. दिवस लोटतील तशी ढिगाची किंमत उतरत जाते. म्हणून नवी गासडी उघडण्याच्या दिवशी चोखंदळ ग्राहक लवकर येतात, तर काटकसर करणारे भाव उतरण्याची वाट पाहतात. घासाघीस हा व्यवहाराचा नेहमीचा भाग आहे. नेहमीचा ग्राहक व विक्रेता यांच्यातील विश्वासाच्या नात्याला ‘सुकी’ म्हणतात. अशा ग्राहकासाठी विक्रेता निवडक नग बाजूला काढून ठेवतो.

खरेदी करताना काख, कॉलर, चेन व शिवणी तपासल्या जातात. साठवणुकीमुळे या कपड्यांना येणाऱ्या विशिष्ट वासाला ‘आमोय उकाय’ असे म्हणतात. तो घालवण्यासाठी कपडे गरम पाण्यात भिजवणे, व्हिनेगर वापरणे व कडक उन्हात वाळवणे हे प्रचलित उपाय आहेत.

== वेशभूषा ==

ढिगातील प्रत्येक नग बहुधा एकटाच असतो. त्याच्या जोडीचा दुसरा कपडा किंवा दुसरे माप मिळत नाही. त्यामुळे ठरलेला संच विकत घेण्याऐवजी हाती लागलेल्या एका नगाभोवती बाकीचा पोशाख जुळवला जातो. पुरुषाचा सैल शर्ट पट्टा बांधून झग्यासारखा वापरणे, फुलाफुलांच्या झग्यावर लष्करी धाटणीचे जाकीट चढवणे, औपचारिक कोटाखाली चित्राचा टी-शर्ट घालणे अशा विजोड वाटणाऱ्या जोड्या हे या वेशभूषेचे वैशिष्ट्य आहे. दूरदेशीच्या शाळेचे, क्रीडासंघाचे किंवा कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट त्या संस्थेशी काहीही संबंध नसलेली व्यक्ती सहज घालते. या विसंगतीतच गंमत असते.

अमेरिकी मापाचे कपडे स्थानिक ग्राहकांना अनेकदा मोठे होतात. ते शिंप्याकडून आटवून घेतले जातात, पायजम्यांची लांबी कमी केली जाते किंवा बाह्या कापल्या जातात. सपाट प्रदेशातील उष्ण हवेत जाड कोट निरुपयोगी ठरत असल्याने तेथे हलकी जाकिटे वातानुकूलित कार्यालयांपुरती वापरली जातात. शाळांमधील स्नेहसंमेलने व नृत्यसमारंभ यांसाठी लागणारे गाउनही याच दुकानांतून घेतले जातात. किंमत कमी असल्यामुळे फसलेल्या प्रयोगाचे नुकसान फारसे होत नाही.

बी. लिन मिलग्रम या मानवशास्त्रज्ञांनी उत्तर लुझोनच्या डोंगराळ प्रदेशातील या व्यापाराचा व वेशभूषेचा अभ्यास केला. ‘ओल्ड क्लोद्स, न्यू लुक्स’ (२००५) या संपादित ग्रंथात त्यांचा लेख समाविष्ट आहे.

समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर थेट चित्रफितीद्वारे विक्री रूढ झाली. विक्रेता एकेक नग कॅमेऱ्यासमोर धरतो आणि प्रथम ‘माइन’ असे लिहिणाऱ्यास तो मिळतो. काही विक्रेत्यांकडे जादा किंमत देऊन तोच नग मिळवण्यासाठी ‘स्टील’ किंवा ‘ग्रॅब’ असे शब्द वापरले जातात.

== कायदा व वाद ==

१९६६ च्या अधिनियमाच्या शीर्षकातच जनतेच्या आरोग्याचे रक्षण आणि राष्ट्राची प्रतिष्ठा राखणे ही दोन उद्दिष्टे नमूद आहेत. परक्यांनी टाकलेले कपडे घालणे हे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, अशी त्यामागील भूमिका होती. बंदी आयातीवर असल्याने सीमाशुल्क विभाग वेळोवेळी गासड्या जप्त करतो. मात्र शहरांतील किरकोळ विक्री सुरूच राहते.

बंदीचे समर्थक आरोग्याचा धोका, बुडणारा कर व देशी वस्त्रोद्योगाचे नुकसान यांकडे लक्ष वेधतात. विरोधकांच्या मते या व्यापारावर असंख्य छोट्या विक्रेत्यांची, विशेषतः स्त्रियांची, उपजीविका अवलंबून आहे आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना नीटनेटके कपडे याच मार्गाने मिळतात. नोकरीच्या मुलाखतीसाठी लागणारा कोट किंवा शर्ट अनेकांना नव्या कपड्यांच्या दुकानात परवडत नाही. प्रतिष्ठेच्या मुद्द्यावरही मतभेद आहेत. दान म्हणून हाती आलेला कपडा आणि ढीग उपसून, पारखून, स्वतःच्या मापाला बसवून घेतलेला कपडा यांत ग्राहक स्पष्ट फरक करतात. २०२२ मध्ये सिनेटमध्ये ही आयात वैध करून तिच्यावर कर आकारावा, असा विचार मांडण्यात आला.

== लोकसंस्कृतीत ==

कपड्याच्या पूर्वीच्या मालकाविषयीची धास्ती हा लोकप्रिय भयकथांचा विषय झाला आहे. ‘शेक, रॅटल अँड रोल ११’ (२००९) या फिलिपिनो भयपटातील एका कथेचे नावच ‘उकाय-उकाय’ असून ती अशा दुकानातून घेतलेल्या लग्नाच्या गाउनभोवती फिरते.