टाकीचं झाकण

परवा पुतण्याचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांची जुनी स्कूटर दोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. किका मारून मारून याचा पाय दुखला, पण ती काही सुरू होईना. "काका, तुम्ही जन्मभर स्कूटर चालवलीत. काय झालं असेल?"

मी शिकवायचो इतिहास आणि मराठी. पण चिंचवडला राहून कार्बोरेटर न कळणं म्हणजे पंढरपुरात राहून अभंग न येणं! त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

पूर्वी डास मारायला घरोघरी फ्लिटचा पंप असायचा, आठवतोय? दांडा पुढे ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जायची आणि डब्यातलं औषध वर ओढलं जाऊन त्याचा फवारा उडायचा. कार्बोरेटरचं तत्त्व हेच. अरुंद जागेतून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी अशा फवाऱ्याचे कार्बोरेटर बनवले. पुढची शंभर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर पळाल्या.

आपल्याकडे ही युक्ती घराघरात पोचली ती आकुर्डीमुळे. बजाजला १९५९ मध्ये स्कूटर आणि रिक्षा बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओशी करार झाला आणि आकुर्डीत व्हेस्पा तयार होऊ लागल्या. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ पासून चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट पाहिलेली माणसं तुमच्याही घरात असतील. एवढी वाट पाहून आलेली गाडी बिघडली म्हणून कोण टाकून देतो? ती दुरुस्तच व्हायची. त्यामुळे चिंचवड, निगडी, भोसरीला कारखान्यांच्या आडोशाने गल्लोगल्ली गॅरेजं उगवली. पत्र्याचं छप्पर, पेट्रोलने भरलेलं एक घमेलं आणि त्यात जेट धुणारा एखादा पोरगा.

पोरगा म्हटलं, तरी त्याचं शास्त्र पक्कं असे. गाडी बंद पडली की क्रमाने जायचं. कॉक रिझर्व्हवर करून पाहिला का? कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतंय का? प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे चोक अडकलाय किंवा फ्लोटची सुई बसत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, म्हणजे जेटमध्ये कचरा किंवा नळी तुंबलेली. काळा, तेलकट असेल तर ऑइल जास्त पडलंय. दोन-स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे, लिटरला २० मिली. हात सैल सुटला की मागे धुराचा लोट. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, अंदाजाने सगळं उघडत बसायचं नाही, हा नियम.

हा नियम मीच एकदा मोडला. ते सांगण्यासाठीच खरं तर आज लिहायला बसलो.

साल १९८७, जुलै महिना. माझी स्कूटर घरून निघाली की चार-पाच किलोमीटरवर बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू! शाळेत रोज उशीर. गॅरेजमध्ये तीनदा कार्बोरेटर साफ करून घेतला. तिसऱ्या वेळी तिथला पोरगा, असेल सोळा-सतरा वर्षांचा, म्हणाला, "सर, कार्बोरेटर साफ आहे. गडबड दुसरीकडं आहे. गाडी आजच्या दिवस ठेवून जा." मी चिडलेलो. चारचौघांत म्हणालो, "काम येत नाही म्हणून गाडी ठेवून घेतोस? का पेट्रोल काढायचंय?"

तो काही बोलला नाही. मालकाने मात्र मला खूश करण्यासाठी त्याला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. मी बघत होतो. थांबवलं नाही.

आठवड्याने निगडीजवळ पुन्हा गाडी थांबली. एक रिक्षावाला उतरला. त्याने सीट उचलून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत गेली, आणि गाडी दोन किकांत सुरू. टाकी भरली की झाकणातून पेट्रोल पाझरायचं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून मीच तो झाकणाखाली बसवला होता. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून हवा आत यावी लागते. ते भोकच मी बंद केलं होतं! हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. गाडी थांबली की कुठून तरी थोडी हवा झिरपायची आणि पुन्हा काही अंतर जायची.

मी तडक गॅरेजवर गेलो. पोरगा गावी गेला, म्हणाले. पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. पुरावा तपासल्याशिवाय कोणाला दोषी धरू नका, हे मी रोज वर्गात सांगत होतो...

पुढे सगळंच बदललं. चाकणला नवे कारखाने आले. २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी पल्सर २२० फ्युएल इंजेक्शन घेऊन आली, पण २००९ मध्ये तीच गाडी स्वस्त होऊन पुन्हा कार्बोरेटरवर परतली! जुनं इतक्या सहज जात नाही. शेवटी एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. दम्याची औषधं घेणारा माणूस त्याबद्दल तक्रार कशी करणार? आता आकुर्डीत विजेवरची चेतक तयार होते. तिला जेट नाही, चोक नाही. बिघाड संगणक सांगतो. मात्र घमेल्यात हात घालून शिकलेल्या पोरांचं पुढे काय झालं, ते कुठे नोंदलेलं नाही.

असो. पुतण्याला सांगितलं ते असं. जुनं पेट्रोल आधी पूर्ण काढून टाक. उभ्या गाडीत ते चिकट होतं आणि जेट बुजतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या रबरी नळ्या तपास. मग प्लग, मग जेट.

आणि हे सगळं करण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघ. गॅरेजमधल्या पोराला काही बोलण्याआधी तर नक्कीच.