आठवीची पायरी आणि आपला जिल्हा

आपल्या वस्तीतलं पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी काढतं आणि आठवीला हायस्कुलात जातं. सहामाहीचा निकाल लागला की आईबाप म्हणतात, "इथवर हुशार होतं, आता डोकंच चालंना." आम्हाला हे पटत नाही. या पायरीवर अडण्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे आणि त्यात डोक्यापेक्षा भाषेचा वाटा मोठा आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचंच पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिली इंग्रजीच्या वर्गात त्यांचं नाव दाखल झालं. (२०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.) तोवरचं शिकणं मराठीतलं, पुढचं इंग्रजीतलं. ही दरी सुभेदार रामजींनी घरी बसून भरली. ते स्वतः लष्करी शाळेत शिकवलेले. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला सोडवून घेतल्या. पुढे १९०४ साली कुटुंब मुंबईला आलं तेव्हा चाळीत खोली एकच. मुलगा लवकर झोपे, वडील रात्री दोनपर्यंत जागून त्याला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींचा दागिना मागून गहाण ठेवत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. आपण "बाबासाहेब बुद्धिमान होते" एवढंच सांगतो, त्यामागची ही रोजची बैठक सांगायची राहून जाते.

आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावात सुरुवातीचे वर्ग मराठीत, पण वरच्या वर्गांत गणित, इतिहास, भूगोल सगळं उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दूच. घरात उर्दूचं अक्षर नसलेल्या पोरानं काय करायचं? १९२१ साली हिप्परग्याला मराठीतून शिकवणारी राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. पण एका शाळेनं जिल्हा भरत नाही. शिवाय आपल्या लोकांच्या मागं वतनाची राबणूक होतीच. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब त्यासाठी आले होते. गावकीच्या कामाला जुंपलेलं पोर अभ्यासात मागं पडलं असं म्हणण्यातही अर्थ नव्हता, ते शाळेपर्यंत पोचतच नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट गेली आणि हायस्कुलं मराठी झाली. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली आपली पोरं तिथं शिकली.

आता भाषेची अडचण संपली असं वाटेल. पण अनेक हायस्कुलांत आठवीला सेमी इंग्रजी घेतलं जातं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत. काल ज्याला पोरगं "छेद" म्हणत होतं तो आज "डिनॉमिनेटर" होतो. गणित येतं, प्रश्न कळत नाही. म्हणजे उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढंच.

यावर रामजींचाच मार्ग चालतो. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारावी, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी. रोज पाच शब्द, आणि एक उदाहरण दोन्ही भाषांत लिहायचं. आईबापाला इंग्रजी येत नसलं तरी "आजचे पाच दाखव" एवढं म्हणता येतं. तरीही अडलं तर आठवीचं पुस्तक मिटून पाचवीचं उघडावं. बीजगणित न जमण्याचं मूळ पुष्कळदा अपूर्णांकात असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर हे हमखास होतं: दिवाळीनंतर वर्गात जे शिकवलं, तेव्हा पोर फडावर असतं. त्याला लाज वाटू नये म्हणून पाचवीच्या पुस्तकाला कव्हर घाला, हवं तर.

आणखी एक. पूर्वी आठवीपर्यंत नापास करत नसत. २०२३ साली राज्यानं नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा असते, तीही गेली तर पोर त्याच वर्गात राहतं. मधल्या काळात शाळेनं जादा मार्गदर्शन करायचं असतं. तेव्हा निकालाच्या दिवशी पोराला रागावत घरी आणण्याआधी, तास कधी आहेत हे वर्गशिक्षकांना विचारून घ्यावं.